करोडपती देश सोडतायत, हे मोजलं कुणी?

दरवर्षी जूनच्या आसपास ही बातमी येते: यंदा इतके हजार करोडपती भारत सोडणार. २०२३ ला ६,५००, २०२४ ला ४,३००, २०२५ ला ३,५००. आकडा दरवर्षी उतरतोय, मथळ्यातली घबराट मात्र तेवढीच. तुमच्यापैकी कुणी स्थलांतराशी संबंधित विषय घेऊन पेटची तयारी करत असाल, तर सिनॉप्सिसच्या पहिल्याच परिच्छेदात हा आकडा टाकायचा मोह होणार. मलाही झाला होता. प्रवेश मुलाखतीत मी २०२३ चा आकडा अगदी ऐटीत सांगितला. समोरच्या मॅडमनी एवढंच विचारलं, "साडेसहा हजार, कितीपैकी?" संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून आलेल्या मुलीला छेद माहीत नव्हता! घरी येऊन तो अहवाल पहिल्यांदा नीट वाचला.

अहवाल काढते हेन्ली अँड पार्टनर्स. गुंतवणुकीच्या बदल्यात दुसऱ्या देशाचा रहिवास किंवा नागरिकत्व मिळवायला श्रीमंतांना मदत करणं हा या कंपनीचा धंदा. म्हणजे छत्र्या विकणारा माणूस पावसाचा अंदाज सांगतोय. तेवढ्यानं अंदाज खोटा ठरत नाही, पण त्याची पद्धत बघितल्याशिवाय तो उचलताही येत नाही.

आधी व्याख्या. आपल्या बातम्यांत 'करोडपती' असतं, अहवालात असतं 'दहा लाख डॉलर किंवा जास्त गुंतवण्याजोगी संपत्ती असलेली व्यक्ती'. दहा लाख डॉलर म्हणजे आठ कोटींच्या वर, तेही गुंतवण्याजोगे. कोथरूडला दोन कोटींचा फ्लॅट असलेले तुमचे काका भाषांतरात करोडपती झाले, अहवालात ते कुठेच नाहीत. एका शब्दाच्या भाषांतरात अख्खी लोकसंख्या बदलते.

मग पद्धत. आकडे न्यू वर्ल्ड वेल्थ ही संस्था पुरवते. तिच्याकडे जगभरातल्या दीड लाखांहून जास्त श्रीमंतांची यादी आहे. त्यात भर संचालक, संस्थापक आणि अतिश्रीमंत लोकांवर. त्यांच्या कामाचं ठिकाण लिंक्डइनसारख्या सार्वजनिक स्रोतांवरून बघायचं आणि त्यावरून हालचालीचा अंदाज बांधायचा. ही यादी यादृच्छिक नमुना नाही. जे मुळातच जास्त फिरतात, ज्यांच्या कंपन्या चार देशांत आहेत, असे लोक तिच्यात जास्त येणार. शिवाय कामाचं ठिकाण आणि घर एकच असेल असं नाही. आणि जूनमध्ये छापलेला आकडा त्याच वर्षाचा असतो, म्हणजे निम्म्याहून जास्त वर्ष उरलेलं असताना केलेलं भाकीत. बातमीत तो घडून गेलेल्या गोष्टीसारखा येतो.

आता छेद. त्यांच्याच २०२४ च्या आकड्यांनुसार भारतात असे ३,२६,४०० लोक. त्यांतले ४,३०० म्हणजे सुमारे १.३ टक्के. 'ओघ' हा शब्द या टक्क्याला शोभतो का, तुम्हीच ठरवा. ब्रिटनमधल्या श्रीमंतांच्या 'पलायना'बद्दल टॅक्स जस्टिस नेटवर्कनं २०२५ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवलं. (ही संस्था श्रीमंतांवर कर लावा म्हणणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा तिचंही घोडं शर्यतीत आहेच. दोन्हीकडची पद्धत वाचा.)

मला मात्र यापेक्षा मोठी वाटते ती एक चूक, जी टीका करणारेही करतात: रहिवासाचा परवाना घेणं आणि राहायला जाणं एकच धरणं. पोर्तुगालची योजना बघा. २०१२ मध्ये सुरू झाली, पाच लाख युरोचं घर घेतलं की परवाना. राहण्याची अट? पहिल्या वर्षी ७ दिवस, पुढच्या दर दोन वर्षांत मिळून १४ दिवस. आपल्याकडे गणपतीला कोकणात जाणारा चाकरमानी वर्षाला याहून जास्त राहतो. ग्रीसमध्ये तर किमान मुक्कामाची अटच नाही. असा परवाना घेणारा माणूस बहुतेकदा कुठेही 'जात' नाही, तो विमा काढतो. क्रिस्टिन सुराक यांच्या 'द गोल्डन पासपोर्ट' (२०२३) या पुस्तकाची ताकद हीच, की त्या गुंतवणूकदार, दलाल, सरकारी अधिकारी यांच्यापर्यंत जाऊन हे गिऱ्हाईक नक्की काय विकत घेतंय ते शोधतात. वाचाच. पण एक सावधगिरी बाळगा: पुस्तकाचा मुख्य विषय नागरिकत्वाची विक्री आहे, रहिवासाची नाही. भारतीय माणूस दुहेरी नागरिकत्व ठेवू शकत नाही, त्यामुळे आपल्या संदर्भात हा फरक निर्णायक ठरतो. बरेच निबंध दोन्ही एका वाक्यात कोंबतात.

तसाच दुसरा घोळ. संसदेत सरकारनं दिलेल्या माहितीनुसार २०२२ मध्ये २,२५,६२० आणि २०२३ मध्ये २,१६,२१९ भारतीयांनी नागरिकत्व सोडलं. हे आकडे श्रीमंतांच्या बातमीला शेपटासारखे जोडले जातात. त्यांत संपत्तीची नोंदच नाही. आणि अमेरिकेचं नागरिकत्व साधारणपणे ग्रीन कार्डनंतर पाच वर्षांनी मिळतं, म्हणजे २०२२ च्या आकड्यात कितीतरी आधी घेतलेले निर्णय दडलेले आहेत.

मग श्रीमंत जातात का? क्रिस्टोबल यंग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या करनोंदी तपासल्या. दहा लाख डॉलरहून जास्त वार्षिक उत्पन्न असलेल्यांत वर्षाला २.४ टक्के लोक राज्य बदलतात, एकूण लोकसंख्येत २.९ टक्के, सगळ्यात गरीब गटात ४.५ टक्के. पैसेवाल्यांची मुळं खोल असतात: धंदा, ओळखी, मुलांच्या शाळा. नोंदी कराच्या, नमुना प्रचंड, म्हणून हा अभ्यास मला जास्त पटतो. पण तो टेक्सास-कॅलिफोर्नियाचा आहे. मुंबई-दुबईला तो तसाच लावलात, तर तुम्हीही माझ्यासारखे मुलाखतीत अडकाल.

जे हलत नाहीत त्यांच्यावर काय परिणाम झाला, हे या अहवालात शोधूनही सापडणार नाही. घरांच्या प्रश्नावरून पोर्तुगालनं २०२३ मध्ये घरखरेदीचा मार्ग बंद केला. स्पेननं एप्रिल २०२५ मध्ये आख्खी योजनाच गुंडाळली. ग्रीसनं २०२४ मध्ये अथेन्सचा परिसर आणि सँटोरिनीसारख्या ठिकाणी किंमत आठ लाख युरोवर नेली. कमी पगाराचा लिस्बनवाला भाडेकरू कुठल्याच यादीत नाही, कारण त्याचं लिंक्डइन कुणी बघत नाही.

माझ्या प्रस्तावातून तो आकडा गेला. त्याजागी मी रिझर्व्ह बँकेचा दरमहा येणारा तक्ता घेतला: उदारीकृत प्रेषण योजनेखाली परदेशात गेलेला पैसा. त्यात स्थावर मालमत्ता खरेदीचा वेगळा रकाना आहे. माणशी मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर, म्हणजे पाच लाख युरोच्या घरासाठी घरातल्या दोघातिघांची नावं लागतात किंवा दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. हा तक्ता माणसं मोजत नाही, फक्त पैसा मोजतो, आणि प्रस्तावात मी तेवढंच लिहिलंय.