एमपीआयमधील डेटाटाइपचा 'विस्तार' : एक चिकित्सा

प्रस्तावना :
समांतर प्रोग्रामिंगच्या संदेशवहन पद्धतीत प्रत्येक प्रक्रियेची स्मृती स्वतंत्र असते आणि माहितीची देवाणघेवाण संदेशांद्वारे होते. त्यासाठी १९९४ साली 'मेसेज पासिंग इंटरफेस' (एमपीआय) हे मानक प्रसिद्ध झाले. स्मृतीत विखुरलेली माहिती एकाच संदेशात पाठविता यावी म्हणून त्यात व्युत्पन्न डेटाटाइपची सोय आहे. असा डेटाटाइप किती जागा व्यापतो, या साध्या प्रश्नाला हे मानक आज तीन उत्तरे देते. त्यांची आवश्यकता आणि उणीव तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तीन मापे :
'साइज' म्हणजे प्रत्यक्ष माहितीचे बाइट. 'एक्स्टेंट' (विस्तार) म्हणजे एकापुढे एक घटक मांडताना एका घटकाच्या आरंभापासून पुढच्या घटकाच्या आरंभापर्यंतचे अंतर. 'ट्रू एक्स्टेंट' (खरा विस्तार) म्हणजे माहितीच्या पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंतची व्याप्ती. सी भाषेत ओळीनुसार साठविलेला, ८ बाइटच्या संख्यांचा ४ × ४ मॅट्रिक्स घेऊ. त्याच्या एका स्तंभाचा साइज ३२ बाइट, तर विस्तार व खरा विस्तार दोन्ही १०४ बाइट भरतात. लगतचे स्तंभ क्रमाने पाठवावयाचे तर विस्तार ८ बाइट करून घ्यावा लागतो. मात्र खरा विस्तार १०४ बाइटच राहतो.

चिकित्सा :
पहिल्या आवृत्तीत विस्तार बदलण्यासाठी डेटाटाइपमध्येच सीमादर्शक खुणा घालाव्या लागत. एकदा घातलेली खूण पुसता येत नसे. सीमा केवळ बाहेरच्या दिशेने वाढविता येई. १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तीने 'रिसाइज्ड' रचना व खरा विस्तार विचारण्याची सोय दिली. २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीतून जुन्या खुणा वगळण्यात आल्या. ही सुधारणा निःसंशय स्वागतार्ह होय.

तथापि मूळ गोंधळ नावातच आहे. 'विस्तार' हे मोजलेले माप नसून प्रोग्रामरने ठरविता येणारे अंतर आहे. त्यावर विसंबून वरील एका स्तंभासाठी स्मृती राखल्यास १०४ ऐवजी ८ बाइटच मिळतात. अशी चूक कित्येकदा कोणताही संदेश न देता शेजारची माहिती बिघडविते. विस्तार ऋण नसल्यास क्ष घटकांना लागणारी जागा = खरा विस्तार + (क्ष − १) × विस्तार. चार स्तंभांसाठी १०४ + ३ × ८ = १२८ बाइट, म्हणजे नेमका संपूर्ण मॅट्रिक्स. परंतु हे उत्तर थेट देणारे फंक्शन मानकात नाही. सूत्र ज्याचे त्याने जुळवावयाचे. माहितीची खरी खालची सीमा शून्य नसेल, तर बफरचा पत्ताही तितकाच सरकवावा लागतो.

निष्कर्ष :
तीन मापांचे विभाजन तर्कशुद्ध आहे. दोष त्यांच्या नामकरणात व अपुऱ्या सोयीत आहे. म्हणून अध्यापनात केवळ फंक्शनची यादी न देता वरील मॅट्रिक्स विद्यार्थ्यांकडून कागदावर मांडून घेणे आणि तिन्ही मापे हाताने काढून घेणे अगत्याचे वाटते.