विषमतेची दुसरी बाजू : कामगारजीवन आणि मराठी ललित वाङ्मय

विषमता हा संबंधवाचक शब्द आहे. एखाद्या माणसाचे दारिद्र्य कितीही दारुण असले तरी तेवढ्याने विषमता सिद्ध होत नाही. त्याच्या दारिद्र्याचा दुसऱ्या कोणाच्या तरी संपत्तीशी असलेला संबंध जेव्हा दृष्टीस पडतो तेव्हाच ती सिद्ध होते. ही गोष्ट अर्थशास्त्रात इतकी प्राथमिक आहे की तिचा उच्चारही अनावश्यक वाटावा. ललित वाङ्मयाचा विचार करताना मात्र तिचे स्मरण वारंवार द्यावे लागते. मराठीतील कामगारविषयक वाङ्मयाने या संबंधाची एक बाजू अत्यंत सामर्थ्याने रंगविली आहे आणि दुसरी बहुतांशी अंधारात ठेवली आहे, असे माझे मत आहे. या मताची छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम या वाङ्मयाचे ऋण मान्य करणे उचित होईल. भारतात गिरणीकामगारांच्या चळवळीला वाचा फुटली ती मराठीच्या परिसरात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांना संघटित केले, ते महात्मा फुले यांच्या सत्यशोधक परंपरेतून आणि ‘दीनबंधु’ या पत्राच्या आधाराने. ललित वाङ्मयाला या जगाची दखल घेण्यास अवधी लागला. १९३० च्या दशकाच्या आरंभी मामा वरेरकरांनी ‘सोन्याचा कळस’ या नाटकात मालक-मजूर संघर्ष रंगभूमीवर आणला. पुढे अण्णाभाऊ साठे यांनी लोकनाट्य आणि कथा यांतून, तर भाऊ पाध्ये यांनी ‘डोंबाऱ्याचा खेळ’ (१९६०) या कादंबरीतून कामगारांचे जग आणि त्यांच्या संघटनांचे राजकारण मराठी वाचकापुढे मांडले. नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांनी तर मराठी कवितेचा ‘मी’च पालटून टाकला. गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने वाढविलेल्या या कवीला मार्क्स ग्रंथालयात भेटत नाही, संपात भेटतो. विचार आणि अनुभव यांच्यातील अंतर नाहीसे करणारी ही कविता आहे. कामगार हा दयेचा विषय न राहता बोलणारा, प्रश्न करणारा, स्वतःविषयी अभिमान बाळगणारा मनुष्य झाला, हे या परंपरेचे श्रेय निर्विवाद होय.

तथापि या परंपरेत मालकाचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. लोकनाट्यात शेठजी आणि सावकार येतात, ते उपहासाचे विषय म्हणून. सोंग उतरवले की ते नाहीसे होतात. कवितेत तो बहुधा एक छाया म्हणून वावरतो. त्याचे घर, त्याचे हिशेब, त्याची भीती, त्याच्या संचालक मंडळाची बैठक, कर्ज देणारी बँक, भाव ठरविणारा दलाल यांचे चित्रण आपल्याकडे अपवादानेच आढळेल. मालक दुष्ट आहे एवढे आपल्याला ठाऊक असते. तो नेमके काय करतो हे मात्र ठाऊक नसते. आणि दुष्टपणा हे भांडवलाचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही. एखादा मालक सज्जन असला तरी त्याच्या गिरणीचे गणित बदलत नाही.

या उणिवेचे मोल काय, ते १९८२ नंतर कळले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले होते. मजुरी आणि बोनस यांच्या जोडीला, १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला दिलेल्या प्रातिनिधिक अधिकाराविरुद्धचा संताप हेही या संपाचे मूळ होते. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. तो विरून गेला. कामगार गिरणीचे दार उघडण्याची वाट पाहत होते आणि त्या अवधीत गिरणी ही वस्तूच बदलत चालली होती. कापड विणणाऱ्या यंत्रांपेक्षा ती यंत्रे ज्या भूमीवर उभी होती ती अधिक मोलाची ठरली. मुंबईतील गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील अठ्ठावन्नाव्या नियमाने तिचे ढोबळमानाने तीन वाटे केले : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक गृहनिर्माणासाठी आणि एक मालकाला. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर इमारती उभ्या होत्या ती वाटणीतून सुटली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. कोणाचाही रक्तपात न होता, एका नियमातील काही शब्दांच्या फेरफाराने, एका शहराच्या संपत्तीचे वाटप ठरले.

हा प्रसंग नाट्यपूर्ण आहे, परंतु त्याचे नाट्य भोंगा आणि लाल निशाण यांच्या प्रतिमांत मावणारे नाही. ते नियमावलीच्या पोटकलमात आहे. आपल्या वाङ्मयाकडे त्या स्थळी पोहोचणारी भाषाच नव्हती.

जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहावे. चाळीतील एक खोली, गिरणीच्या आधारावर उभे असलेले आणि तो आधार सुटल्यावर विस्कटत जाणारे एक कुटुंब, गुंडगिरीकडे वळणारा एक मुलगा, लेखक होऊ पाहणारा दुसरा आणि या सर्वांना सांधून धरणारी आई, एवढीच सामग्री घेऊन पवारांनी एका संस्कृतीचा अंत दाखविला. या नाटकात मालक रंगमंचावर येत नाही. सामान्यतः जी उणीव म्हणावी ती येथे अर्थपूर्ण होते, कारण ज्या शक्तीने या घराचे भवितव्य ठरविले ती या घरातून दिसूच शकत नाही, हाच नाटकाचा विषय आहे. पुढे ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहात (या संग्रहास २०१२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला) पवारांची दृष्टी चाळीपलीकडे, नव्याने उभ्या राहणाऱ्या शहराच्या व्यवहाराकडे वळलेली दिसते. शीर्षकातील ‘फिनिक्स’ वाचताना, त्याच नावाच्या गिरणीच्या जागी उभा राहिलेला बाजार मुंबईकर वाचकाला आठवल्यावाचून राहत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. लेखकाने आपल्या अनुभवाशी प्रामाणिक राहावे. चाळीत वाढलेल्या लेखकाने संचालकांच्या दालनाचे वर्णन करावे, ही अपेक्षा अवाजवी आहे, असे कोणी म्हणेल. आक्षेप खरा आहे; परंतु तो ज्याच्यावर रोखला जातो त्याच्यावर तो लागू पडत नाही. त्या दालनात जाणारे मराठी लेखक होतेच. बँकांत, विमा कंपन्यांत, गिरण्यांच्या कचेऱ्यांत, सरकारी खात्यांत चाकरी करणाऱ्या मध्यमवर्गाने आपले बरेचसे वाङ्मय निर्माण केले. संपत्तीचे हिशेब त्यांच्याच हातांनी लिहिले जात होते. लिहावयास बसल्यावर मात्र त्यांनी कचेरी बाहेर ठेवली आणि घरातील मनोव्यापार तेवढे उचलले. कामगारलेखकाने आपला अनुभव चुकविला नाही. चुकविला तो आपण मध्यमवर्गीयांनी.

शेजारच्या कन्नड वाङ्मयाकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. विवेक शानभाग यांची ‘घाचर घोचर’ (२०१३) ही लघुकादंबरी बेंगळूरच्या एका कुटुंबाची कथा आहे. वडिलांची विक्रेत्याची नोकरी जाते. त्यांच्या निवृत्तीच्या पैशांवर धाकटा भाऊ मसाल्यांचा धंदा उभारतो. मसाला ठोक आणावा, लहान पाकिटांत भरावा आणि विकावा. कुटुंब लहान घरातून मोठ्या घरात जाते. निवेदक नावापुरता संचालक आहे. काम नसताना त्याच्या खात्यात पगार जमा होतो. संपत्ती या माणसांना क्रूर बनविते, पण ती क्रूरता आरडाओरड करीत नाही. मिळवित्या काकाभोवती घरातील सर्वांच्या वाणीची, मौनाची आणि नीतीची फेररचना होते, इतकेच. पाकिटे भरणारे हात या कथेत जवळजवळ दिसत नाहीत, आणि ते न दिसणे हेच त्या घराच्या सुखाचे रहस्य आहे. ‘अधांतर’ आणि ‘घाचर घोचर’ या दोन कृती शेजारी ठेवाव्यात : एकीत मालक दिसत नाही, दुसरीत कामगार दिसत नाही, आणि दोन्ही मिळून विषमतेचे एक पूर्ण वाक्य तयार होते. मराठीतील संपन्न घराने स्वतःकडे इतक्या निर्विकारपणे पाहिल्याचे उदाहरण शोधावे लागेल.

हा विचार केवळ गतकालाचा नाही. मी जेथे राहतो ते जयनगर १९४८ साली आखलेले, रुंद रस्त्यांचे आणि झाडांच्या सावलीचे उपनगर आहे. त्याच्या आग्नेयेस थोड्या अंतरावर बोम्मनहळ्ळी येथे एप्रिल २०१६ मध्ये तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या होत्या. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाच्या वाट्याची रक्कम अठ्ठावन्न वर्षे वयापर्यंत काढता येणार नाही, असा नियम केंद्र सरकारने केला होता. दोन दिवसांत तो मागे घ्यावा लागला. बव्हंशी कोणत्याही प्रस्थापित संघटनेच्या हाकेवाचून हे घडले. आपल्या पैशाचा संबंध कोणत्या नियमाशी आहे, हे त्या स्त्रियांनी अचूक ओळखले होते. वाङ्मय जेथे कमी पडते तेथे त्या पुढे गेल्या होत्या.

आणि याच जयनगरात आज उपाहारगृहांच्या दारांशी दुचाकी घेऊन ताटकळणारे तरुण आहेत. त्यांना काम देणाऱ्या कंपन्या त्यांना कामगार म्हणत नाहीत, ‘भागीदार’ म्हणतात. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याने या शब्दापाशी थांबलेच पाहिजे. मराठीत भागीदार म्हणजे ज्याचा नफ्यात वाटा आणि निर्णयात आवाज आहे तो. येथे वाटा ठरविणारे गणित त्याला दिसत नाही आणि त्याला कामावरून दूर करणारा मुकादम म्हणजे दूरध्वनीच्या पडद्यावरील एक सूचना असते. गिरणीच्या दारात रोज सकाळी उभा राहणारा ‘बदली’ कामगार त्याचा पूर्वज होय. ‘बदली’ हा शब्द कन्नडातही आहे, त्यामुळे तो भाषांतरात सहज जातो; जात नाही ते त्याच्यामागील दार. बदली कामगाराला निदान एक दार होते, त्या दारात त्याच्यासारखे इतर होते, आणि म्हणून संपही होता. कर्नाटकाने २०२५ साली या कामगारांसाठी कायदा केला. प्रत्येक व्यवहारातील त्यांच्या मोबदल्यावर कंपनीकडून एक ते पाच टक्के कल्याणशुल्क घेण्याची आणि यांत्रिक निर्णयांची कारणे कळविण्याची तरतूद त्यात आहे. कायद्याने त्यांना कामगार म्हणून ओळखण्यास प्रारंभ केला आहे. वाङ्मयाने तो अजून केलेला नाही.

तात्पर्य, आपल्या समीक्षेने कामगारविषयक कृतीला ‘दाहक’, ‘अस्सल’ अशी विशेषणे अर्पून मोकळे होण्याची सवय सोडावी. वेदनेच्या सत्यतेविषयी आता शंका उरलेली नाही. विचारावयाचा प्रश्न असा की, त्या वेदनेचा हिशेब कोणाच्या वहीत लिहिला आहे आणि ती वही या कृतीने उघडली आहे काय. हा प्रश्न कामगारलेखकाला जितका लागू आहे, त्याहून अधिक तो वही ज्याच्या हाती आहे त्या लेखकाला लागू आहे. लालजी पेंडसे यांनी ‘साहित्य आणि समाजजीवन’ (१९३५) या ग्रंथात वाङ्मयाचा त्याच्या सामाजिक पायाशी संबंध जोडून दाखविला, त्याला आता नऊ दशके झाली. तो संबंध आपण लेखकाच्या वर्गापुरता मान्य केला; कृतीच्या आशयात तो कितपत उतरला हे तपासण्याचे काम शिल्लक आहे.