इंजिनाचा पाठभेद

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे इतक्या पुण्यप्रद अर्थाने रूढ झालेला आहे की, त्याविषयी शंका उपस्थित करणेच पुष्कळांस अप्रशस्त वाटेल. तथापि कोकणातील देवळे ज्याने थोड्या डोळसपणे पाहिली आहेत, त्यास या पुण्यकृत्याच्या नावाखाली काय काय घडते हे सांगावयास नको. लाकडी खांबांचा सभामंडप जाऊन तेथे सिमेंटचा मंडप उभा राहतो, काळ्या पाषाणावर तेलकट रंगाचे पुट चढते, आणि संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावे तेवढी अक्षय राहतात. कोणता खांब काढला, तो का काढला, याची नोंद कोठेच नसते. जे देवळांचे तेच अलीकडे जुन्या मोटारगाड्यांचे होऊ लागले आहे. वाङ्मयाच्या मासिकात मोटारींचा विषय कशास, असे कोणी विचारील. त्यावर आमचे उत्तर इतकेच की, जुनी गाडी पुन्हा उभी करणे हे जुना ग्रंथ संपादण्यासारखेच काम आहे, आणि तीत कोणते इंजिन बसवावे हा निर्णय पाठनिर्णयाच्याच जातीचा आहे.

हा वाद मूळचा अमेरिकेतला. तेथे १९६० नंतरच्या दशकात ‘मसल कार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दांडग्या गाड्या निघाल्या. आज त्यांचा जीर्णोद्धार करणारे हौशी लोक शेकड्यांनी आहेत, आणि त्यांच्यात दोन पंथ आहेत. पहिला पंथ म्हणतो की, कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा तीत जे इंजिन होते तेच, त्याच अंकाचे, असले पाहिजे. इंजिनावरील अंक आणि गाडीच्या सांगाड्यावरील अंक परस्परांशी जुळले म्हणजे तिची किंमत पुष्कळ वाढते. ती वाढते म्हणूनच जुने अंक घासून नवे खोटे अंक ठोकण्याची विद्याही तेथे निपजली आहे. दुसरा पंथ म्हणतो की, रूप जुने ठेवावे आणि आत आजचे इंजिन घालावे. या प्रकारास तिकडे ‘रेस्टोमॉड’ म्हणतात.

पहिल्या पंथाची निष्ठा वंदनीय खरी, पण तिच्यात एक गंमत आहे. या जातीची पहिली गाडी म्हणून जिचे नाव बहुधा घेतले जाते ती १९६४ सालची पाँटिअॅक जीटीओ. तिचा जन्म कसा झाला? मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालू नये असा त्या कंपनीच्या चालकांचा दंडक होता. काही खटपटी इंजिनिअरांनी तो बगलेने चुकवून टेम्पेस्ट नावाच्या मध्यम गाडीत थोरल्या गाडीचे ३८९ घनइंचांचे इंजिन बसविले. म्हणजे ज्या कुळात मूळ इंजिनाचे आज एवढे सोवळे पाळले जाते, त्या कुळाचा मूळपुरुषच इंजिनाच्या अदलाबदलीतून जन्मास आला! ‘मूळ’ या शब्दाकडे आपण जितके जवळ जावे तितका तो मागे सरतो, हा अनुभव पोथ्या चाळणाऱ्या कोणासही नवा नाही.

आता आपल्या घराकडे वळू. आमच्या माणगाव तालुक्यात मसल कार कोणी पाहिली असेल असे वाटत नाही. पण अंगात बळ असलेली गाडी म्हटली की येथील वृद्धांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते, ते जीपचे. विलीज जीप १९४९ पासून मुंबईस माझगाव येथे महिंद्र कंपनी जोडू लागली. कोकण रेल्वेचा रोहा-वीर हा टप्पा १९९३ साली चालू होईपर्यंत माणगावास आगगाडी नव्हती. ताम्हिणीच्या बाजूची, निजामपुराकडील किंवा म्हसळ्याच्या वाटेवरील आडगावे गाठावयाची तर एसटी नाहीतर जीप, तिसरा मार्ग पायांचा. या जीपच्या ज्या नमुन्याचे बॉनेट उंच दिसते, त्या उंचीचे कारणही इंजिनच आहे. आधीचे ६० अश्वशक्तीचे इंजिन ठेंगणे होते. पुढे ‘हरिकेन’ नावाचे, माथ्यावर झडपा असलेले, उंच इंजिन आले, आणि ते मावावे म्हणून १९५३ साली अमेरिकेत बॉनेट वर उचलावे लागले. तिकडे तो नमुना बंद पडल्यावरही आपल्याकडे अनेक वर्षे निघत राहिला. जे रूप आज आपणांस जीपचे ‘अस्सल’ रूप वाटते, तेही अशा रीतीने एका इंजिनबदलाचीच खूण आहे.

माणगावातील एका कुटुंबात अशी एक जीप आहे. १९६८ साली भाताच्या गिरणीसाठी ती घेतली गेली. तिच्यातून पोती गेली, वऱ्हाडे गेली, पावसाळ्याच्या रात्री अडलेल्या बाळंतिणी महाडच्या दवाखान्यात गेल्या. १९८८ साली तिचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसविले गेले. डिझेल पेट्रोलहून पुष्कळ स्वस्त होते, हे त्याचे उघड कारण. दुसरे कारण कोकणच्या पावसात आहे. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते, आणि ओढ्याच्या पाण्याने ठिणगीची तारयंत्रणा भिजली की गाडी मध्येच बसते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की, त्या उष्णतेनेच इंधन पेट घेते, ठिणगीचे काम उरत नाही. महिंद्र कंपनीने १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून ज्या इंजिनाचा परवाना घेतला, त्याच जातीचे हे इंजिन आहे: चार नळकांडी, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, एकंदर २११२ घनसेंटिमीटर. गाडी त्याने थरथरते, आवाज वाढतो, पण काम होते. आर.सी. बुकात या बदलाची रीतसर नोंद आहे. काढलेले पेट्रोल इंजिन मात्र त्याच वर्षी भंगारात गेले.

आता चिरंजीवांच्या मनात तिचा जीर्णोद्धार करावयाचा आहे. पत्रा गंजला आहे तो बदलणे, रंग देणे, लाकडी फळ्या नव्या करणे, यांविषयी कोणाचे दुमत नाही. प्रश्न इंजिनापाशी अडला. मुंबईच्या बाजारात दुसऱ्या एका जीपचे हरिकेन इंजिन मिळते. ते घालून गाडी ‘मूळपदावर’ न्यावी असा त्यांचा विचार. वृद्ध मिस्त्रींचे म्हणणे निराळे पडले. ते म्हणाले, “शेठ, ते इंजिन दुसऱ्या कोणाच्या जीपचं. तुमच्या जीपचं इंजिन म्हणाल तर हेच, तीन तपं हिला ओढत आलंय ते.” आमच्या मते या एका वाक्यात पाठचिकित्सेचे मर्म आलेले आहे.

चिरंजीवांचा विचार केवळ लहरीचा नव्हे, त्यामागे कायदा आहे. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून अधिक वयाची दुचाकी किंवा चारचाकी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. तिला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस २० हजार रुपये शुल्क आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. अट अशी की, गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी. सांगाडा, बाह्य कवच किंवा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा. हेतू चांगला आहे. परंतु एक मसुदा म्हणून वाचता या नियमात आम्हांस मोठी उणीव दिसते. ‘मूळ स्वरूप’ म्हणजे पहिल्या विक्रीच्या दिवसाचे स्वरूप, असे तो मनाशी धरून चालतो, आणि त्या दिवसानंतरचे गाडीचे सारे आयुष्य त्याच्या लेखी दूषण ठरते. जी गाडी श्रीमंताच्या गॅरेजात झाकून राहिली ती अस्सल, आणि जिने ओढे ओलांडले ती भ्रष्ट, असा त्याचा निष्कर्ष निघतो. शिवाय मालकास मोह असा पडतो की, खरा इतिहास काढून टाकावा आणि उसना आणून बसवावा.

याच विषयावरील दुसरा मसुदा पाहा. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली ‘ट्यूरिन सनद’ संमत केली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिसच्या सनदेचा आदर्श तिच्यापुढे आहे. तिचे म्हणणे असे की, गाडीच्या नेहमीच्या वापराच्या काळात झालेले फेरफार हे तिच्या इतिहासाचे साक्षीदार होत, म्हणून ते राखावेत. गाडी जन्मदिवसाच्या स्थितीस नेलीच पाहिजे असे नाही. उद्धार करताना नवे घालावे लागले तर ते ओळखू यावे, आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत, हेही ती सांगते. दोन्ही मसुदे शेजारी ठेवले असता दुसऱ्यात विचाराची परिपक्वता अधिक आहे असे आम्हांस म्हणावे लागते. पहिला वस्तूचे वय मोजतो. दुसरा तिचे चरित्र वाचतो.

मराठी वाचकास हा भेद परका वाटू नये. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये. पुढे सुमारे तीन शतके तिच्या प्रतींवर प्रती होत गेल्या, पाठ बिघडले, आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी त्या प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. त्यांच्या हाती कवित्व काय थोडे होते? पण संपादकाच्या आसनावर बसताच त्यांनी आपले कवित्व बाजूस ठेवले, आणि इतरांनाही या ग्रंथात आपली ओवी घालू नये असे बजावले. राजवाड्यांना तेवढ्याने समाधान झाले नाही. एकनाथपूर्व मानलेली जुनी पोथी मिळवून त्यांनी १९०९ साली ती छापली. या दोघांत कोण थोर हा प्रश्न आम्हांस निरर्थक वाटतो. राजवाड्यांची प्रत अभ्यासकाच्या मेजावर राहिली. शतकानुशतके घराघरांत वाचली गेली ती एकनाथांची परंपरा. दोन्ही खऱ्या, कारण दोन्ही आपण कोण आहोत हे उघड सांगतात.

याहून मोठा धडा पुण्याच्या भांडारकर संस्थेने दिला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले, १९२५ पासून सुखटणकरांनी त्यास शिस्त लावली, आणि १९६६ साली ते पुरे झाले. प्राचीनतम म्हणून जो पाठ ठरला तो पानाच्या वरच्या भागी छापला. पण जे श्लोक प्रक्षिप्त ठरले ते नष्ट केले काय? मुळीच नाही. ते तळटीपेत आणि परिशिष्टात, कोणत्या पोथीत आढळतात याच्या खुणांसह, जसेच्या तसे दिले. संपादकाचा निर्णय कोणास पटला नाही तर त्याने खाली पाहावे आणि आपला निर्णय करावा. निर्णय घेण्याचे धैर्य आणि निर्णय उलटविण्याची सोय, या दोन गोष्टी एकाच पानावर नांदतात. आमच्या मते जीर्णोद्धाराची सारी नीती त्या तळटीपेत आहे.

मग आजचे नवे, बलाढ्य इंजिन जुन्या कवचात घालणारांचे काय? त्यांस आम्ही पाखंडी म्हणणार नाही. १८९० साली देवलांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ केले. ते मराठी रंगभूमीवर शोभले, कारण त्यांनी ते रूपांतर म्हणूनच, नव्या नावाने, पुढे ठेवले. रूपांतर ही स्वतंत्र कला आहे. ती लबाडी ठरते ती रूपांतराने संहितेचे नाव घेतल्यावर. तसेच तिला तिचे स्वतःचे व्याकरणही पाळावे लागते. इंजिनाचे बळ दुप्पट केले आणि ब्रेक जुनेच ठेवले, तर ते वाङ्मयातील विसंगतीसारखे केवळ हास्यास्पद होत नाही. माणगावाहून ताम्हिणीच्या घाटात गेल्यास ते जिवावर बेतते. गिअर, आस, रेडिएटर, ब्रेक या सर्वांस नव्या इंजिनाशी जुळवून घ्यावे लागते, आणि परिवहन खात्याची संमतीही लागते. कारण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत मनास येईल तसा बदल करू देत नाही.

कोणी आक्षेप घेईल की, आमच्या न्यायाने प्रत्येक ठिगळ पवित्र ठरेल, आणि मग जीर्णोद्धारास अर्थच काय राहिला? आक्षेप बिनतोड दिसतो, पण तसा नाही. लेखनिकाची डुलकी आणि वारकऱ्यांच्या मुखी रुळलेला पाठ यांत संपादक भेद करतोच. तारेने बांधलेला सायलेन्सर ही डुलकी आहे. तो खुशाल बदलावा. मात्र ज्या बदलाने गाडीला पुढचे आयुष्य दिले, जो गरजेतून, विचाराने आणि उघडपणे केला गेला, तो पाठ आहे. कसोटी एकच: हा फेरफार गाडीच्या कामासाठी झाला, की तिला पाहणाऱ्यांवर छाप पाडण्यासाठी?

या कसोटीवर माणगावच्या जीपचे डिझेल इंजिन आमच्या मते राहावे. ‘व्हीए’ची अक्षरे मिळणार नाहीत, हे नुकसान खरे आणि लहानही नाही, कारण त्या अक्षरांबरोबर समाजाची मान्यता येते, आणि बापाच्या गाडीस मान्यता मिळावी असे कोणत्या मुलास वाटणार नाही? तरीही ती मान्यता दुसऱ्याचे इंजिन आणून मिळवावयाची तर तो मान बापाच्या गाडीचा होणार नाही. पण निर्णय आमचा नव्हे, मालकाचा आहे. आणि त्यांनी हरिकेन घालावयाचेच ठरविले तर आमची एवढीच विनंती आहे की, डिझेल इंजिन भंगारात देऊ नये. तेल लावून, लाकडी ठोकळ्यांवर, गिरणीच्या कोपऱ्यात ते ठेवावे. कोणत्या साली बसविले, कोणत्या साली काढले, का काढले, हे एका वहीत लिहून ती वही गाडीत ठेवावी. १९८८ साली ही तळटीप राहून गेली, म्हणून आज उसन्या इंजिनाची भाषा करावी लागत आहे. पुढच्या पिढीस तरी तसे करावे लागू नये.

नियम करणारांसही आमचे एक सांगणे आहे. ‘मूळ स्वरूप’ या शब्दांच्या जोडीस ‘नोंदलेले परिवर्तन’ हे दोन शब्द घालता आले, तर देशातील कितीतरी कष्टाळू गाड्यांचा इतिहास वाचेल. झाकून ठेवलेल्या गाडीइतकाच झिजलेल्या गाडीलाही वारसा म्हणवून घेण्याचा अधिकार आहे.