गारवा कुणाच्या जिवावर?

व्हेनिसचं २०२५चं आर्किटेक्चर बिएनाले घामाने सुरू झालं. आर्सेनाले या जुन्या गोदीत जिथे पूर्वी जहाजांचे दोर वळले जायचे, त्या लांबलचक इमारतीतलं पहिलंच दालन अंधारं आणि उकडणारं होतं. डोक्यावर एसीची युनिट्स टांगलेली. पुढची दालनं गार ठेवताना बाहेर पडणारी उष्णता इथे थेट बघणाऱ्यांच्या अंगावर सोडली होती.

मी दिवसभर एसीत बसून कोड लिहितो. ऑफिसचा गारवा मला मिळतो. त्याची गरम हवा मागच्या बोळात, खाली बसलेल्या वॉचमनच्या वाट्याला जाते. हे मला माहीत होतंच. पण माहीत असणं आणि शर्ट पाठीला चिकटणं यात फरक आहे. तो फरक दाखवला, म्हणून हे दालन मला प्रदर्शनातलं सगळ्यात चांगलं काम वाटलं.

पुढे मात्र क्युरेटर कार्लो रात्ती यांनी सगळंच दाखवायचा हट्ट धरला. विषय होता नैसर्गिक, कृत्रिम आणि सामूहिक बुद्धिमत्ता. सहभागी ७५०हून जास्त. रोबो, स्क्रीन, डेटा, आणि माहितीफलकांवर एआयने केलेले सारांश. लॉगमध्ये प्रत्येक ओळ छापली की नेमकी एरर दिसेनाशी होते, तसंच इथे झालं. पहिल्या दालनाने विचारलेला प्रश्न या गर्दीत हरवला.

तो पुन्हा सापडला बहरीनच्या दालनात. सर्वोत्कृष्ट राष्ट्रीय सहभागासाठी त्याला गोल्डन लायन मिळाला. बांधकामाच्या साइटवर, उघड्यावर राबणाऱ्यांसाठी सावली आणि गारवा कसा आणायचा, हा त्याचा विषय. मूळ कल्पना अशी, की जमिनीखालचा थंडावा आणि उन्हाने तापणारी चिमणी यांच्या जोरावर हवा खेळती ठेवायची. व्हेनिसमध्ये खोदता येत नव्हतं, म्हणून तिथे यांत्रिक पद्धतीने हवा सोडली होती.

काहींना ही पळवाट वाटेल. मला वाटत नाही. प्रोटोटाइपमध्ये एखादा भाग तात्पुरता असतोच. माझी तक्रार वेगळी आहे. त्या छताखाली गार होत होतो ते आम्ही, तिकीट काढून आलेले. ज्याच्यासाठी ते छत आहे, तो मजूर तिथे नव्हता. सिंहाचं बक्षीस मिळालं, छान झालं. पण या डिझाइनची खरी टेस्ट भर दुपारी, एखाद्या चालू साइटवरच होईल.