खिडकीची उंची

गेल्या हिवाळ्यात एका छोट्या माहितीपटाची इंग्रजी उपशीर्षके करायचे काम माझ्याकडे आले. विषय होता सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्सचा. एकेकाळी विनय नगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीतली बसकी घरे पाडून तिथे मनोरे उभे राहत आहेत. वडिलांची नोकरी होती तोवर आम्हीही अशाच एका क्वार्टरमध्ये राहत होतो. माहितीपटात नागपूरकडच्या एक काकू म्हणतात, "खिडकीतून कडुनिंब दिसे. दुपार किती झाली ते त्याच्या सावलीवरून कळे." हे वाक्य ऐकू येते तेव्हा पडद्यावर काकू नाहीत आणि खिडकीही नाही. मनोऱ्यांवरून संथ सरकणारे ड्रोनचे दृश्य आहे, सोनेरी उन्हात न्हालेले. माझे उपशीर्षक त्या गच्च्यांवर उमटले. भाषांतर बरोबर होते, तरी काकूंचे म्हणणे हरवले होते.

काकूंच्या वाक्याला एक उंची आहे: पहिल्या मजल्याच्या खिडकीची. तिथून सावली दिसते. ड्रोनला फक्त झाडाचा माथा दिसतो. पन्नास वर्षांचा कडुनिंब आणि नव्याने लावलेले शोभेचे झाड तिथून दोन हिरवे ठिपके होतात. २०१८च्या जूनमध्ये याच वसाहतीत लोक झाडांना मिठी मारून उभे राहिले होते. सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासात हजारो झाडे जाणार होती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि तोड थांबली. तो वाद ठिपक्यांच्या संख्येपुरता नव्हता, झाडांच्या वयाचाही होता.

ड्रोनला माझा सरसकट विरोध नाही. जॉनी मिलर या छायाचित्रकाराच्या 'अनइक्वल सीन्स' या मालिकेत झोपडवस्ती आणि तिला खेटून असलेली श्रीमंती एकाच चौकटीत येते. मधली सीमारेषा इतकी स्पष्ट जमिनीवरून दिसणार नाही. तिथे उंची काहीतरी सिद्ध करते. आमच्या माहितीपटात ती फक्त दोन मुलाखतींमधली जागा भरते. शिवाय ही उंची सर्वांना सारखी मिळत नाही. ड्रोन नियम, २०२१ नुसार आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग पडतात. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडता येत नाही. सफदरजंग विमानतळ आणि राजधानीचा सत्ताकेंद्री भाग इतका जवळ असताना सरोजिनी नगरावर कॅमेरा उडवणे स्वतंत्र दिग्दर्शकाला सोपे नाही. या माहितीपटातले दृश्यही बांधकामाच्या प्रचारफितीतून घेतलेले होते. काकूंची आठवण अशा रीतीने पाडणाऱ्यांच्या नजरेवर चिकटवली गेली.

रंगांचेही तसेच. आजचे कॅमेरे बहुधा फिके, सपाट चित्र टिपतात आणि खरा रंग नंतर संगणकावर ठरतो. त्यातली पहिली पायरी दुरुस्तीची: एका दृश्यातली त्वचा पुढच्या दृश्यात निळी दिसू नये. दुसरी पायरी भाव ठरवण्याची, म्हणजेच ग्रेडिंगची. मूकपटांच्या काळातही रात्रीसाठी फिल्म निळ्या रंगात बुडवत. तेव्हा रंगकाम नवे नाही. पण धुके पुसण्याची सोय दिल्लीच्या जानेवारीवर वापरली, तर पुसला जातो तो पुरावा.

शौनक सेन यांच्या 'ऑल दॅट ब्रीद्स' (२०२२) या माहितीपटाची आठवण इथे होते. वझिराबादमध्ये जखमी घारींवर उपचार करणाऱ्या दोन भावांची ही गोष्ट. विषय आकाशातून कोसळणाऱ्या पक्ष्यांचा, पण सुरुवात होते रात्रीच्या मोकळ्या मैदानात, उंदरांच्या उंचीवर. कॅमेरा त्यांच्यामधून सावकाश सरकतो. चित्रपट देखणा आहे, रंगांवर बारकाईने काम झालेले आहे, तरी धुरकट आकाश धुरकटच राहते. तेव्हा देखणेपणा हा दोष नव्हे.

दुसरे टोक आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'चे. १९९७च्या रमाबाई नगर गोळीबारापासून पुढची चौदा वर्षे त्यात आहेत. विलास घोगरेंचे गाणे, पोलिसांनी केलेले चित्रण, सभा, घरे या सगळ्यांना एकाच रंगात बसवले असते, तर कोणते चित्र कुणी आणि केव्हा घेतले हेच कळले नसते. तिथे पोलिसांचे चित्रण पुरावा म्हणून तपासले जाते. त्यामुळे ते वेगळे दिसणे गरजेचे आहे.

अनुवादकाला हा मोह ओळखीचा असतो. वऱ्हाडी, कोकणी, शहरी अशा सगळ्या आवाजांना एकाच गुळगुळीत इंग्रजीत ओतले की संपादक खूश होतात. मीही तसे केलेले आहे, म्हणून ड्रोनला एकट्याला दोष देत नाही.

दिग्दर्शकाला मी एवढेच लिहिले: त्या वाक्यावर काकूंचा चेहरा ठेवा, किंवा खिडकी पाडली गेली असेल तर ती जिथे होती तिथली मोकळी जागा. त्याचे उत्तर आले, महोत्सवांना सुरुवात भव्य लागते. उपशीर्षक अजून गच्च्यांवरच आहे.