अभ्रकाचे सोने

जलरंगात सोनेरी रंग वापरणे हे हौशी हाताचे लक्षण, असे माझे मत होते. पंधरा वर्षांपूर्वी काढलेली एक गणेशपट्टी अलीकडे फडताळातून बाहेर आली आणि ते मत तपासावे लागले. मुकुटाचे सोने काळपट हिरवे पडले होते. पुढे कधीतरी डागडुजी करताना कानातल्या कुंडलांना लावलेले तितकेच स्वस्त सोने मात्र टवटवीत होते. तेव्हा दोष स्वस्ताईचा नव्हता.

‘सोनेरी’ या एका नावाखाली तीन वेगळे पदार्थ मिळतात. पहिले खरे सोने, वर्ख डिंकात खलून केलेले. ते काळवंडत नाही आणि अकीकाने घोटले की झळाळते. पण आपल्या खिशाला झेपत नाही. दुसरी तांबे-जस्ताची भुकटी. पहिल्या दिवशी ती सर्वांत उजळ दिसते, पण दमट हवेत तिच्यातले तांबे काळवंडते. तिसरे अभ्रक. त्याच्या पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम आणि लोखंडाच्या ऑक्साइडचा थर दिलेला असतो, त्यामुळे काळे पडायला त्यात धातूच नसतो. वेष्टनावर ‘पीएम 2’ असेल तर तांब्याची भुकटी, ‘पीडब्ल्यू 20’ असेल तर अभ्रक. रंगाच्या नावापेक्षा हा संकेत वाचावा.

अभ्रकाला मर्यादा आहेत. ते घोटून चकाकत नाही आणि पांढऱ्या कागदावर फिकट दिसते. खाली पिवळ्या मातीच्या रंगाचा हात दिला की थोडक्यात भागते. काळ्या कागदावर तर ते आपोआप उठते.

पण खरा प्रश्न सोने लावायचे कुठे, हा आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातील ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही सोळाव्या शतकातली अहमदनगरची सचित्र पोथी घ्या. पोथी हातात धरून पाहायची असते. पान कलते तसे दख्खनी चित्रांतले सोने हलते. याउलट राजा रविवर्म्याची तैलचित्रे भिंतीवरची. त्यांतले दागिने पिवळ्या-तपकिरी छटा आणि एखाद्या उजळ ठिपक्यातून घडतात. भिंतीवर, काचेआड खरी चमक एका कोनातून डोळे दिपवते आणि दुसऱ्या कोनातून मातकट दिसते.

म्हणून माझा निष्कर्ष असा: हातात फिरणाऱ्या कामाला, म्हणजे शुभेच्छापत्राला, पत्रिकेला, पोथीच्या पानाला अभ्रकाचे सोने द्यावे. भिंतीवरच्या आणि छापायच्या चित्रात सोने रंगवावे, लावू नये. चार रंगांच्या छपाईत चमक उतरत नाही, उरतो तो तपकिरी डाग.

मुकुट आता पुन्हा रंगवला आहे. दसऱ्याला आपट्याचे पान आपण सोने म्हणून देतो, तेव्हा घेणारा कस लावत नाही. चित्रातले सोने मात्र कसाला उतरावे लागते, आणि तो कस किमतीचा नसतो.