चौसष्ट घरांतली आजी

घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल, तर 'माइनक्राफ्ट' म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. ज्यांची पिल्लं घरट्यातून उडून गेली आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हे ठोकळ्यांचं जग आहे आणि त्यात माणसंही ठोकळ्यांचीच. आपल्या माणसाला कोणतं रूप आणि कोणता पोशाख द्यायचा, हे खेळणारा ठरवतो. ठोकळ्यावर चढवायच्या या चित्राला 'स्किन' म्हणतात. संगणकातल्या आकृतीवर असं चित्र चढवण्याची युक्ती एडविन कॅटमल यांनी १९७४ साली यूटा विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात मांडली. १९९६ मध्ये 'क्वेक' हा खेळ आला, तेव्हा तो खेळणारी मुलं स्वतः स्किन रंगवून एकमेकांना देऊ लागली. त्या हौशी कलेचीच आजची पिढी आपल्या घरात, जेवायला हाका मारल्या तरी न उठता, संगणकासमोर बसलेली असते.

हा पोरखेळ आहे असं मीही म्हणत होते. गेल्या वर्षी माझ्या सासूबाई गेल्या. त्यानंतर महिनाभराने धाकटीने मला पडद्यावर एक आकृती दाखवली आणि माझं मत बदललं. हिरवं इरकली लुगडं, लाल काठ, पांढरा अंबाडा. चेहरा म्हणजे आठ बाय आठ चौकोन, तरी आजी ओळखू आली.

कारागिरीच्या दृष्टीने यात काय आहे ते पाहण्यासारखं आहे. शिंपी कापड बेततो तशी ही आकृती उलगडून चौसष्ट बाय चौसष्ट घरांच्या एका चौकोनात मांडलेली असते. एकूण ४०९६ घरं, त्यांतलीही काही कोरीच राहतात. छातीपोटाच्या पुढच्या बाजूला मिळतात आठ बाय बारा, म्हणजे ९६ घरं. हाताची रुंदी चार घरं, त्यामुळे बांगड्या म्हणजे हिरव्या घरांची एकच ओळ. कुंकवाची अडचण तर मोठी गमतीची. कपाळ आठ घरांचं, आठ ही सम संख्या, म्हणजे मधलं घरच नाही. एका घराचं कुंकू लावलं तर ते एका बाजूला सरकतं. धाकटीने शेजारची दोन घरं लाल केली आणि तिच्या नकळत आजीची आडवी चिरी उमटली.

लुगड्याची गोष्ट याहून बोलकी आहे. या आकृतीचे पाय दोन सुटे ठोकळे असतात. गोल साडी रंगवली तर आकृती चालू लागताच साडी मधोमध फाटल्यासारखी दिसते. नऊवारीचं तसं होत नाही, कारण कासोटा मुळातच पायांना वेगळं करतो. मागच्या बाजूला कासोट्याच्या चुण्या चार गडद रेघांनी दाखवल्या की काम झालं. पदराला मात्र थांबावं लागलं असतं. २०१४ पर्यंत हा चौकोन निम्म्या उंचीचा होता आणि डावा हात-पाय म्हणजे उजव्याचंच आरशातलं प्रतिबिंब असे. डाव्या दंडावर ओघळलेला पदर रंगवला, की तो उजव्या दंडावरही येणार! त्या वर्षी मांडणी बदलली, दोन्ही बाजू स्वतंत्र झाल्या आणि सगळ्या अंगाला वरचा एक जादा थर मिळाला. पदर त्या थरावर घेतला की तो अंगापासून किंचित सुटलेला दिसतो.

मुलं एकमेकांकडून घेतात त्या बहुतेक स्किनमध्ये हा विचार नसतो. सगळ्यांत मोठा दोष छायेचा. उजेड कुठून येतो हे न ठरवता प्रत्येक भागाच्या कडा काळ्या आणि मध्य उजळ करून टाकतात. मग माणूस नव्हे, उशी दिसते. दुसऱ्याचं तयार चित्र घेऊन नुसता रंग बदलला की असंच होणार. छाया का आणि कुठे पडते, हे त्या चित्राबरोबर येत नाही.

माझा खरा मुद्दा इथे सुरू होतो. धाकटीने आजी पुण्याच्या चुलतभावाला फोनवरून फोटो म्हणून पाठवली. वाटेत चित्र दाबलं गेलं आणि त्याचा जेपेग झाला. जेपेगमध्ये पारदर्शक जागा राहत नाही. काठाचा लाल रंग हिरव्यात मिसळला आणि आजीच्या डोक्याभोवती पांढरी पेटी आली. दुसऱ्यांदा तिने मूळ पीएनजी फाइल जशीच्या तशी पाठवली, तेव्हा आजी धड पोचली. मग दादाने लुगडं जांभळं केलं, चिरी पुसली आणि ती मित्रांना वाटली. धाकटी दोन दिवस रडली. "ती आता आजी नाहीच," म्हणाली.

मी आधी दादाची बाजू घेतली. जात्यावरच्या ओवीला कुठे कर्तीचं नाव असतं? एकीने म्हटलेली ओवी दुसरी आपल्या माहेरची करून घेते. पण विचार केल्यावर ही तुलना अपुरी वाटली. ओवी घेणारीला ओवी रचताही येत असे. दादाच्या हाती लागलं ते फक्त शेवटचं चित्र. काठ, चुण्या, छाया हे धाकटीने वेगवेगळ्या थरांवर रंगवलं होतं. पीएनजी करताना ते सगळे एकजीव झाले, आणि थरांची फाइल तिनेही ठेवली नव्हती.

२०२० साली आलेल्या 'ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' या खेळात उलट सोय आहे. तिथे तुमचा नमुना संकेतांक देऊन कुणालाही देता येतो, करणाऱ्याचं नाव त्याला चिकटून राहतं, पण घेणाऱ्याला त्यात बदल करता येत नाही. तिथे नाव राहतं आणि हात बांधला जातो. माइनक्राफ्टच्या फाइलमध्ये हात मोकळा, पण नाव हरवतं. कला म्हणून मला दोन्ही व्यवस्था अर्ध्याच वाटतात.

पुरी व्यवस्था सासूबाईंच्याच ट्रंकेत सापडली. त्यांची रांगोळीची वही. प्रत्येक नमुन्याशेजारी लिहिलेलं: तेरा ठिपके, तेरा ओळी. खाली शेजारच्या काकूंचं किंवा नणंदेचं नाव. कुठे पुढे जोडलेलं, "कोपऱ्यातली कमळं माझी." ठिपक्यांचा हिशेब असल्यामुळे कुणालाही ती रांगोळी पुन्हा काढता येते, बदलता येते, आणि कुणाचं काय हेही कळतं.

धाकटीने आजी पुन्हा रंगवली. या वेळी तीन गोष्टी एका फोल्डरमध्ये ठेवल्या: पीएनजी, थरांची मूळ फाइल आणि एक छोटी चिठ्ठी. चिठ्ठीत तिचं नाव आहे, इरकलीच्या काठाचा रंग कुठून घेतला ते आहे, आणि शेवटी "लुगडं बदला, चिरी ठेवा." तो फोल्डर तिने आधी दादाला पाठवला. त्याने परवा मोरपिशी लुगड्यातली आजी परत पाठवली. चिरी जागेवर होती, आणि चिठ्ठीत एक ओळ वाढली होती: "मोरपिशी माझा."